नदीच्या वांट्याचें पाणी

नदीच्या पाण्याची वांटणी हा मनुष्यांमधील फार जुना व्यवहार आहे. पाटाचें पाणी कोणी केव्हां घ्यावें, वरच्या गांवानें खालच्या गांवासाठीं किती सोडावें, यांविषयीं पाळ्या ठरल्या, करार झाले, तंटे माजले आणि त्यांचे निवाडेही लागले. या सर्व निवाड्यांत वादी मनुष्य आणि प्रतिवादीही मनुष्यच असे. पाण्यांत राहणाऱ्या जीवांना त्या चावडीवर कधीं कोणी बोलाविलें नाहीं. त्यांचाही नदींत कांहीं वांटा आहे आणि तो मोजून, ठरवून, राखून ठेवावयास हवा, हा विचार रूढ होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्यांतही उष्ण कटिबंधांतील पावसाळी प्रदेशांत, जेथें पाण्याला तोटा नाहीं अशी सर्वांची समजूत, तेथें तो आणखी उशिरां पोहोंचला. तो कसा पोहोंचला व त्यानें काय शिकविलें, हें पाहण्यास पोर्तो रिको या बेटाइतकें सोयीचें स्थळ क्वचितच सांपडेल.

कॅरिबियन समुद्रांतील या बेटाच्या ईशान्य कोपऱ्यांत लुकियो नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याचीं शिखरें एक हजार मीटरांहून किंचित् उंच. म्हणजे सह्याद्रीच्या मानानेंही मध्यमच. परंतु अटलांटिक महासागरावरून वाहणारे बाष्पाचे वारे प्रथम येथेंच अडतात, आणि माथ्यावर वर्षाकांठीं चार मीटरांहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस याहूनही मोठा आहे. पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. लुकियोचा पाऊस वर्षभर थोडथोडा येत राहतो, आणि त्यामुळें तेथील ओढे बाराही महिने वाहतात. माथ्यावरून निघालेलें पाणी दहा-पंधरा किलोमीटरांतच समुद्रास मिळतें. नद्या लांबीनें आंखूड, उतारानें तीव्र आणि स्वभावानें लहरी. सकाळीं पायाचा घोटा बुडेल न बुडेल इतकें पाणी असावें आणि दुपारीं तासाभराच्या सरीनें दगडधोंडे गडगडत यावेत, असा त्यांचा नित्याचा प्रकार आहे.

या अरण्याचा इतिहास राजाज्ञेपासून सुरू होतो. इ. स. १८७६ मध्यें स्पेनचा राजा बारावा आल्फोन्सो याच्या कारकीर्दींत येथील वन राजसत्तेचें राखीव वन म्हणून जाहीर झालें. १८९८ मध्यें बेट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या हातीं गेलें, आणि १९०३ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं या वनाला नव्या राजवटींतही राखीव वनाचा दर्जा दिला. आज एल युंके राष्ट्रीय वन या नांवानें ओळखला जाणारा हा प्रदेश सुमारे अकरा हजार हेक्टरांचा आहे. झाडांना अशा रीतीनें सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राजाश्रय मिळाला. पण त्या झाडांखालून वाहणाऱ्या पाण्याला मात्र तो मिळाला नाहीं. वनाची सीमा ओलांडतांच पाणी ज्याच्या नळाला लागेल त्याचें, अशी स्थिति होती. १८९९ च्या शिरगणतींत बेटाची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. १९९० मध्यें ती पस्तीस लाखांवर गेली. गांवें वाढलीं, किनाऱ्यावर हॉटेलें उभीं राहिलीं, आणि डोंगरांतून उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नदीवर पाणी उचलण्यासाठीं बंधारे बांधले गेले.

या नद्यांत राहतें कोण, हें सांगितल्यावांचून पुढील कथेचें मर्म कळणार नाहीं. थंड देशांच्या नद्यांत मासे आणि पाण्यांतील कीटक यांचें राज्य असतें. या बेटावरील डोंगरी ओढ्यांत मात्र तें राज्य कोळंब्यांचें आहे. त्यांपैकीं कांहींच्या हातांना टोंकाशीं बारीक केसांचे पंखे असतात. पाणी वेगाचें असलें कीं कोळंबी ते पंखे उघडून धरते व वाहत आलेला कण न् कण गाळून घेते. पाणी संथ असलें कीं त्याच पंख्यांनीं दगड झाडून पुसून काढते. दुसऱ्या एका जातीच्या कोळंब्या ओढ्यांत पडलेलीं पानें कुरतडून बारीक करतात. तिसऱ्या जातीच्या, लांब नांग्यांच्या, भक्ष्य पकडून खातात. यांच्या जोडीला गोबी कुळांतील लहानसे मासे आहेत. त्यांच्या पोटाखालचे पर जुळून त्यांची एक चूषक वाटी बनलेली असते, आणि तिच्या आधारानें ते धबधब्याच्या उभ्या ओल्या कातळावर चढून जातात.

या सर्वांच्या आयुष्याचा एक विलक्षण नियम आहे. मोठीं झालेलीं कोळंबी डोंगरांतील गोड्या पाण्यांत राहते, तेथेंच अंडीं बाळगते. पण अंड्यांतून निघालेलें सुईच्या टोंकाएवढें पिलूं गोड्या पाण्यांत वाढूं शकत नाहीं. त्याला थोड्याच दिवसांत खाडीचें मचूळ पाणी गांठावें लागतें, नाहीं तर तें मरतें. म्हणून माद्या रात्रीं पिलें सोडतात, आणि तीं अंधारांत प्रवाहाबरोबर खालीं वाहत जातात. खाडींत कांहीं आठवडे काढून, कोळंबीचा आकार आल्यावर, तीं पुन्हा नदींत शिरतात आणि बंधारे, धोंडे, धबधबे ओलांडीत डोंगर चढूं लागतात. म्हणजे एका पिढीला नदीचा संपूर्ण मार्ग दोनदां चालावा लागतो; एकदां पाण्याच्या आधारानें खालीं, आणि एकदां पाण्याच्या विरुद्ध वर. वाट कोठेंही तुटली तरी वरचा ओढा निपुत्रिक होतो.

या कोळंब्या नसल्या तर काय बिघडेल, या प्रश्नाचें उत्तर कॅथरीन प्रिंगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० च्या सुमारास प्रयोगानें दिलें. गुरांच्या कुंपणाला देतात तसा विजेचा सौम्य झटका देणारी चौकट त्यांनीं ओढ्याच्या तळाशीं मांडली. त्या चौकटींत कोळंबी पाय ठेवीना. बाकीचें पाणी, प्रकाश, गाळ सर्व पूर्ववत्. थोड्याच दिवसांत चौकटीबाहेरचे दगड स्वच्छ राहिले आणि आंतल्या दगडांवर गाळाचा लेप चढला. पुढें उंच धरणांच्या वरच्या बाजूचे, कोळंब्यांचा समूळ उच्छेद झालेले ओढे तपासले गेले; तेथील डोहांत दगडांवरील शेवाळ, धरणें नसलेल्या ओढ्यांच्या मानानें, सुमारे नऊ पट भरलें. ज्या पाण्यासाठीं धरणें बांधलीं, त्याच पाण्याचा झाडूवाला धरणांनीं घालविला होता.

येथवरचा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता राहिला असता. परंतु १९९४ मध्यें बेटावर मोठा दुष्काळ आला. राजधानी सान हुआनला पाणी देणारा कार्राइसोचा जलाशय १९५३ मध्यें पुरा झाला होता. चार दशकांच्या गाळानें त्याची साठवण जवळजवळ निम्मी उरली होती. शहरांत पाण्याची पाळी लागली. घरोघरीं पिंपें भरून ठेवण्याची धांवपळ उडाली. अशा वेळीं लुकियोच्या नद्यांतून अधिक पाणी घ्यावें, अशी मागणी होणें स्वाभाविक होतें. तहानलेल्या माणसापुढें कोळंबीचें नांव काढणें म्हणजे निष्ठुरपणाच, असें अनेकांस वाटावें, यांतही नवल नाहीं. त्याच दुष्काळांत वरच्या ओढ्यांचे डोह आटून लहान झाले आणि कोळंब्या दाटीवाटीनें त्यांत कोंडल्या गेल्या. अरण्यांत पडणाऱ्या पाण्यापैकीं किती नळांत जातें याची मोजणी त्याच वर्षीं झाली. समुद्रास पोहोंचण्यापूर्वींच निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५४ पाणी उचललें जात असल्याचें दिसून आलें.

मग नदींत किमान किती पाणी सोडावें? या प्रश्नास अमेरिकेंत तयार उत्तरें होतीं. पण तीं दुसऱ्याच प्रश्नांचीं होतीं. एक माप असें कीं, दहा वर्षांतून एकदां येणाऱ्या सर्वांत ओसरत्या सात दिवसांचा प्रवाह आधारास घ्यावा. हें माप मुळांत नदींत सोडलेलें सांडपाणी पुरेसें पातळ होतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं रूढ झालेलें. त्यांत जीवांची आयुष्यक्रमणा विचारांत घेतलेली नव्हती. दुसरें माप डोनाल्ड टेनंट यांनीं १९७६ मध्यें प्रसिद्ध केलेलें. वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या शेंकडा १० पाणी राहिलें तर जीव कसेबसे तगतात, शेंकडा ३० राहिलें तर बऱ्यापैकीं नांदतात, शेंकडा ६० राहिलें तर उत्तम, असा त्यांचा सुटसुटीत कोष्टकाचा हिशेब होता. तो मॉन्टाना व आसपासच्या प्रांतांतील थंड नद्या मोजून बसविलेला. बर्फ वितळून संथपणें भरणाऱ्या नदीची सरासरी आणि एका सरीनें तासांत फुगून दुसऱ्या तासांत ओसरणाऱ्या नदीची सरासरी, या दोहोंचा अर्थ एक नव्हे. शिवाय या सर्व मापांत पाणी किती एवढाच प्रश्न होता. पाणी कोणत्या प्रहरीं, हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न एस्पिरितु सांतो नदीनें विचारावयास लाविला. या नदीच्या खालच्या भागांत पाणी उचलण्यासाठीं एक बंधारा आहे. उंची अवघी १.२ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीएवढी. इतक्या ठेंगण्या भिंतीनें नदीचें काय बिघडणार, असें कोणासही वाटेल. जोनाथन बेन्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या बंधाऱ्यापाशीं ६९ दिवस निरीक्षण केलें आणि तें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. खालीं वाहत येणाऱ्या कोळंबीच्या पिलांपैकीं सरासरीनें शेंकडा ४२ पिलें उपशाच्या नळांत ओढलीं जाऊन मरत होतीं. नदी आटली आणि बंधाऱ्यावरून पाणी सांडेनासें झालें कीं सर्वच पिलांची वाट नळांतून जाई. दुसरीकडे खाडींतून परतणारीं लहान कोळंबी बंधाऱ्याच्या पायथ्याशीं अडून गोळा होई, आणि तेथें टपून बसलेल्या माशांची आयतीच चंगळ होई. तीस वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी लावून केलेल्या हिशेबांत, उपसा कमी-अधिक धरल्यास, पिलांची ही हानि शेंकडा ३४ ते ६२ इतकी निघाली.

परंतु त्याच निरीक्षणांत उपायही दडलेला होता. पिलांचा लोंढा दिवसभर सारखा वाहत नव्हता. दिवस मावळला कीं तो सुरू होई, दिवेलागणीनंतरच्या थोड्या तासांत त्याचा भर असे, आणि पुढें तो ओसरे. तेव्हां रोज संध्याकाळचे तेवढेच तास उपसा बंद ठेवला तर? गणितानें उत्तर दिलें कीं, पांच तासांच्या विरामानें हानि शेंकडा ११ ते २० वर येऊं शकते. जोडीला बंधाऱ्यावरून सतत थोडें पाणी सांडत ठेवावें आणि वर चढणाऱ्यांसाठीं माशांचा जिना चालू स्थितींत राखावा, अशी शिफारस झाली. नळाला मिळणारें दिवसाचें पाणी फारसें न घटवितां नदीच्या वांट्याची मोठी भरपाई करण्याचा हा मार्ग होता. त्यासाठीं नवी नदी लागत नव्हती. पांच तासांचें पाणी आधींच भरून ठेवणारी टांकी लागत होती, आणि ठरल्या वेळीं पंप थांबविणारा माणूस लागत होता.

या शोधाचें महत्त्व केवळ कोळंबीपुरतें नाहीं. पाण्याची वांटणी ही मुख्यतः परिमाणाची वांटणी आहे, अशी समजूत चालत आली होती. येथें प्रथमच स्पष्ट झालें कीं, ती काळाची आणि वाटेचीही वांटणी आहे. वर्षाच्या सरासरीनें नदीला भरपूर पाणी दिलें, पण नेमक्या त्या रात्रीं तिची वाट बंद ठेवली, तर दिलेलें पाणी व्यर्थ. आणि थोडेंच दिलें, पण योग्य प्रहरीं व अखंड वाटेनें दिलें, तर तें पुष्कळ. मोटेच्या व पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरविणाऱ्या जुन्या गांवकऱ्यांना हें तत्त्व ठाऊक होतें. त्यांनीं पाणी घटकांनीं मोजलें, घागरींनीं नव्हे. फक्त त्या पाळींत त्यांनीं माशाला बसविलें नव्हतें.

या ज्ञानाचा उपयोग शेजारच्या मामेयेस नदीवर झाला. लुकियोहून उतरणाऱ्या मोठ्या नद्यांपैकीं बंधारा नसलेली तेवढी एकच उरली होती. तिच्यावर पाणी उचलण्याची योजना पुढें आली तेव्हां फ्रेडरिक स्कटेना प्रभृति शास्त्रज्ञांच्या अभ्यासाची तींत मदत झाली. नदीच्या पात्रांतून भिंत न उभारतां, समुद्राजवळच्या खालच्या भागांत, गोट्यांच्या थराखालीं सच्छिद्र नळ पुरून पाणी झिरपवून घेण्याची रचना करण्यांत आली. वरून प्रवाह अखंड वाहतो, पिलें त्याबरोबर खाडीकडे जातात, आणि प्रवाह ठराविक मर्यादेखालीं उतरला कीं उपसा थांबवावयाचा, असें धोरण ठरलें. २००२ मध्यें अमेरिकेच्या संसदेनें कायदा करून मामेयेस, ला मिना व इकाकोस या नद्यांच्या वनांतील प्रवाहांना संरक्षित नद्यांचा दर्जा दिला. राजानें झाडांना दिलेलें अभय, सव्वाशे वर्षांनंतर, पाण्याच्या वांट्याला आलें.

येथें कथा संपली असती तर ती सुखान्त म्हणून सांगतां आली असती. परंतु २००४ मध्यें अरण्यांतील पाण्याची पुन्हा मोजणी झाली, तेव्हां चौतीस ठिकाणीं उपसा चालू होता. आणि सामान्य दिवशीं वनांत निर्माण होणाऱ्या पाण्यापैकीं शेंकडा ७० पाणी समुद्र गांठण्यापूर्वींच उचललें जात होतें. दहा वर्षांपूर्वीं हेंच प्रमाण ५४ होतें. वाढीचा मोठा भाग मामेयेस व फाहार्दो येथील नव्या उपशांचा होता. आठ लाखांवर लोकांचें पाणी या अरण्यांतून येत होतें. त्यांना तहानलेलें ठेवा, असें कोणीही म्हणणार नाहीं. पण उपशाची रीत सुधारली म्हणून उपशाचा आंकडा आपोआप आटोक्यांत राहत नाहीं, हा धडा मात्र कठोर होता. उत्तम बांधलेलें उपसायंत्रही अखेर उपसायंत्रच असतें.

पुढें २०१५ मध्यें पुन्हा दुष्काळ आला व सान हुआनमध्यें एकाआड एक दिवस, कांहीं भागांत त्याहूनही अधिक अंतरानें, पाणी सोडावें लागलें. सप्टेंबर २०१७ मध्यें इर्मा व मारिया हीं दोन चक्रीवादळें पंधरवड्याच्या आंत येऊन गेलीं. अरण्याचें छत्र फाटलें आणि सबंध बेटाची वीज गेली. वादळें आणि पूर हे या नद्यांच्या जीवांना नवे नाहींत. हजारों पिढ्या त्यांतूनच घडल्या. त्यांना अपरिचित आहे ती रोजची, न चुकणारी, बारमाही कोरड. आणि या कोरडीचें कारण केवळ माणसाची तहान हेंही पूर्ण सत्य नव्हे. बेटाच्या नळव्यवस्थेंत शिरणाऱ्या पाण्यापैकीं निम्म्याहून अधिक पाणी गळतीमुळें किंवा नोंदीअभावीं हिशेबाबाहेर जातें. फुटक्या नळांतून जमिनींत मुरणारें पाणी ना मुलाच्या ओठीं लागतें, ना कोळंबीच्या. नदीचा वांटा आणि घराचा वांटा यांत खरें भांडण जेवढें दिसतें तेवढें नाहीं. दोघांचाही वांटा खाणारा तिसराच कोणी आहे, आणि तो पाइपाच्या सांध्यांत बसला आहे.

महाराष्ट्रांतील वाचकांस ही दूरची कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरांत समुद्रास मिळणाऱ्या कोंकणच्या नद्या याच जातीच्या आहेत. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे वलगणीचे मासे ज्यानें पाहिले आहेत, त्याला पाण्याविरुद्धच्या या यात्रेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. गोड्या पाण्यांतील मोठ्या नांग्यांची जी कोळंबी बाजारांत मोठ्या किमतीला विकली जाते, तिच्या पिलांनाही वाढीसाठीं खाडीचें मचूळ पाणीच लागतें. १९६२ पासून कोयनेचें पाणी वीज उत्पन्न करून पश्चिमेस वासिष्ठींत उतरतें. म्हणजे एका नदीचें पाणी घटलें आणि दुसरीचें वाढलें. तेथें प्रश्न टंचाईचा नसून विपुलतेचा दिसतो. परंतु विजेच्या मागणीबरोबर कमी-अधिक होणारें पाणी नदीच्या स्वतःच्या वेळापत्रकानें येत नाहीं, आणि किती याबरोबर केव्हां हेंही विचारलें पाहिजे, हा पोर्तो रिकोचा धडा तेथेंही तितकाच लागू पडतो.

स्कटेना यांनीं २००४ मध्यें कॅरिबियन प्रदेशांतील किमान प्रवाह ठरविण्याच्या पद्धतींचा आढावा प्रसिद्ध केला. एकच सूत्र सर्व नद्यांस पुरत नाहीं, हें अशा तुलनेंतून उघड होतें. नदीगणिक निरीक्षण हवें. तींत कोण राहतें, तें केव्हां खालीं जातें, केव्हां वर येतें, कोणत्या खडकापाशीं थांबतें, हें ठाऊक झाल्यावांचून मर्यादेचा आंकडा लिहिणें म्हणजे कुळाचें नांव न विचारतां सातबाऱ्यावर नोंद करण्यासारखें आहे. थंड प्रदेशांतील नद्यांवर हें काम अनेक दशकें झालें. उष्ण पावसाळी प्रदेशांतील बहुसंख्य नद्यांवर तें अद्याप व्हावयाचें आहे, आणि धरणांची आंखणी मात्र त्याची वाट पाहत थांबलेली नाहीं.

पाणी हें सर्वांचें आहे, असें म्हणणें सोपें असतें. त्या सर्वांत कोणाकोणाची गणना करावयाची, येथें खरी परीक्षा होते. छातीएवढ्या एका बंधाऱ्यापाशीं रात्रीं जागून कांहीं माणसांनीं सुईच्या टोंकाएवढे जीव मोजले, म्हणून त्यांचा वांटा किती व कोणत्या प्रहरीं हें जगाला कळलें. तो देण्यास रोजचे पांच तास पुरतात. ते पांच तास सोडण्याइतका संयम मनुष्याला साधेल कीं नाहीं, याचा निवाडा मात्र कोणतीही नदी करूं शकत नाहीं.